ह्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य

मंगळवार, ४ मार्च

टेलिव्हिजनचं पत्र आलं. मी दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा वाचायला लागले तर हे म्हणाले, "पुरे, पाठ झालं." रेडिओवरची गुरुवारची मालिका आता टेलिव्हिजनवरही दाखवणार आहेत, आणि त्यातला म्हातारा ह्यांनीच करावा असं म्हणतात. पहिला भाग एक मेला.

ह्यांना म्हातारपण अठ्ठाविसाव्या वर्षी आलं. रेडिओत नवे लागले होते, एका नाटकातले म्हातारे नट ऐनवेळी आजारी पडले, ह्यांनी घसा खरवडून त्यांचं काम निभावलं. त्यानंतर तरुण माणसाचं काम कुणी दिलंच नाही. बावीस वर्षं झाली. सासरे, पेन्शनर, पहारेकरी, दोनदा मेलेला राजा. रेडिओ केंद्रात सगळे आजोबा म्हणतात, ह्यांच्याहून मोठे आहेत तेसुद्धा. परवा दुकानदारानं आवाज ओळखला आणि चेहरा बघून विचारलं, "तुम्ही त्यांचे चिरंजीव का?"

डोळ्यांचं मात्र कुणाला माहीत नाही. दोन वर्षं झाली, मधोमध धुकं आहे, कडेचं तेवढं दिसतं. माणसाशी बोलताना हे जरा तिरके बघतात, लोकांना वाटतं विचार करतायत. मी आणि डॉक्टर, तिसऱ्याला ठाऊक नाही.

काम चालतं ते असं. केंद्रातून टाईप केलेली पानं येतात, अक्षर मुंगीएवढं. दुपारी जेवणं झाली की मी ती जाड निबानं उतरवते, एका पानावर सहा ओळी. ह्यांची वाक्यं काळ्या शाईत, आणि आधी बोलणाऱ्याचे शेवटचे दोन-तीन शब्द लाल शाईत, म्हणजे आपली पाळी कधी ते कळतं. पानं सुटी ठेवायची, टाचायची नाहीत, माईकला कागदाची सळसळ लगेच ऐकू जाते. वाचून झालेलं पान हे हळूच खाली सोडतात. एवढं मोठं अक्षर कशाला, असं केंद्रात कुणी विचारलं तर सांगतात, "मोठ्या अक्षरातून अभिनयही मोठा येतो." लोक हसतात आणि खरं मानतात. मॅट्रिकला मला अक्षराचं बक्षीस होतं. देवानं ते अक्षर ह्याच कामासाठी दिलं, असं मी धरून चालते.

टेलिव्हिजनवर हातात कागद नसतो म्हणे. सगळं पाठ करायचं. पाठांतराला डोळे कुठे लागतात? देवाच्या मनात असलं तर ह्यातूनच वाट निघेल.

हे सगळं वही उलटी करून मागून लिहिते आहे. पुढून घरखर्च. वेगळी वही विकत घ्यावी एवढं काही माझं आयुष्य मोठं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आवाजवाले काका येऊन गेले. रेडिओतली दारं, घोडे, पाऊस, जिन्यावरून पडणारी माणसं, सगळं ते एकटे करतात. आजवर पंधरा जण त्यांच्या हातून जिन्यावरून कोसळून मेले, सगळे एकाच पोत्यावर.

चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरात सून नाही, पण केंद्रातली सून सासऱ्याचा हात सोडत नाही बरं का! कोपराला धरून माईकपाशी आणते, शेवटपर्यंत धरून उभी असते. खऱ्या सुनेनं एवढं केलं तर पेपरात छापून येईल!"

हे म्हणाले, "पेपरात छापलं तर वाचून कोण दाखवणार?" आणि दोघं हसले.

सूनबाई म्हणजे मालिकेत ह्यांच्या सुनेचं काम करते ती. पस्तिशीची असेल. नवरा जहाजावर गेला तो पत्रही धाडत नाही, घरी आजारी आई. रस्त्यात भेटली तरी ह्यांना मामंजी म्हणते, म्हणून सगळे तिला सूनबाईच म्हणतात. आवाज बरा आहे. मला जरा जास्तच गोड वाटतो, पण रेडिओला तसाच लागत असेल.

मीही हसले. काकांना दुसऱ्यांदा चहा विचारायचा राहून गेला.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी एक वाजता हे धापा टाकत घरी आले. शेवटचा प्रवेश लेखकानं बदलला आहे. तालमी जुन्यावर झाल्या, नवी दोन पानं आत्ताच हातात दिली, संध्याकाळी साडेसातला तशीच वाचायची. "तासाभरात उतरवून दे," म्हणाले आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून आडवे झाले.

प्रवेश असा. म्हाताऱ्याचा मुलगा वारला आहे. घरात तो आणि सून दोघंच. तिन्हीसांजेची सून दिवा लावायला उठते, आणि म्हातारा म्हणतो, "लावू नकोस. आजपासून देवापुढे दिवा नको. तिथं कुणी नाही." त्यावर सून म्हणते, "कुणी नाही कसं? मी आहे ना."

हात तिथेच थांबला. ज्या घरात रोज दिवा लागतो त्या घरातल्या माणसानं, आधीच डोळ्यांची ही गत असताना, गावभर ऐकू जाईल असं म्हणायचं, तिथं कुणी नाही? आणि ते मी माझ्या हातानं लिहून द्यायचं? खेळातलं बोलणं खरं, पण जीभ तर ह्यांचीच ना! दहा मिनिटं बसून राहिले. मग देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, "लाव. देवापुढे दिवा लाव. तो बघतो आहे."

शब्द साधारण तेवढेच आहेत. अर्थ उलट कसा म्हणायचा, चांगला झाला. लेखक तरुण आहे, त्याला एक दिवस पटेल.

सूनबाईचं वाक्य ह्यांच्या पानावर लिहायचा प्रश्नच नव्हता. तिथं ह्यांचं बोलणं संपतं.

शुक्रवार, १४ मार्च

काय करून बसले मी.

काल रेडिओपुढे हात जोडून बसले होते. ह्यांनी वाक्य म्हटलं. असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढे काहीच नाही. रेडिओ बंद पडला असं वाटून मी कान लावला. बंद नव्हता. आत कुणीतरी श्वास घेत होतं. मी मनात आकडे म्हणत होते, नऊपर्यंत आले. मग घाईघाईनं दार आपटल्याचा आवाज आणि एकदम संगीत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सून "कुणी नाही कसं?" असं म्हणणार, ते ह्यांनी "कुणी नाही" म्हटलं तर ना! मी ते शब्दच काढून टाकले. बावीस वर्षं नटाच्या घरात राहिले, रोज लाल शाईनं दुसऱ्यांचे शेवटचे शब्द लिहिते, आणि ह्यांचे शेवटचे शब्दही कुणाच्यातरी पानावर लाल शाईत असतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

हे आले. चपला काढल्या, पाणी प्यायले. "चुकलं आज," एवढंच म्हणाले.

"कुणाचं?"

"प्रवेश चुकला," म्हणाले, आणि अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. मग विचारलं, "जेवता ना?"

सोमवार, १७ मार्च

सूनबाईचं काम गेलं.

काका सांगत आले होते. नाट्यविभागाच्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. "आजोबांची जीभ घसरली, माणूस आहे, एखादे वेळी घसरते. पण समोरचा घसरला की सावरायचं हेच तुमचं काम. तुम्ही मुक्या का झालात?" ती तेव्हाही काही बोलली नाही म्हणे. मालिकेत आता तिला माहेरी पाठवली आहे. परत कधी येणार, ते लेखकाला विचारलं तर म्हणाला, माहेर लांब आहे.

काका दारातून वळले. "पण वहिनी, आजोबांच्या तोंडून ते वाक्य आलंच कुठून? वीस वर्षांत कानामात्रा इकडची तिकडे केली नाही त्यांनी!"

मी म्हटलं, "दमले असतील."

हे खुर्चीवर बसून ऐकत होते. हेही म्हणाले, "दमलो होतो."

सोमवार, २४ मार्च

टेलिव्हिजनच्या तालमी सुरू. वाक्यं चार दिवसांत मुखोद्गत झाली. मी बाकी सगळ्यांची कामं वाचते, हे आपलं म्हणतात. पण अडचण निघाली ती वेगळीच. तिथं जमिनीवर खडूनं फुल्या मारलेल्या असतात. नट फुलीवर उभा राहिला तरच कॅमेऱ्याला दिसतो, हातभर सरकला की नुसता खांदा. आणि खडूची फुली ह्यांना दिसत नाही.

मग आम्ही खोलीतलं सामान हलवलं. स्वयंपाकघराचं दार ते टेलिव्हिजनचं दार, आमचा पलंग ते तिथलं टेबल. दारापासून सात पावलं, वळायचं, टेबलाला बोट लागलं की तीन मागे. पंचवीस वेळा केलं. शेवटी हे आंधळ्यासारखे न चालता म्हाताऱ्यासारखे चालायला लागले. मला रडू आलं, हसूही आलं.

"कशी दिसते चाल?" म्हणाले.

"सत्तर वर्षांची."

"बावीस वर्षं लोक मला ऐकतात," म्हणाले. "एकदा बघू दे तर त्यांना."

असं काही मागताना मी ह्यांना कधी पाहिलं नाही. बाजारातून काय आणू विचारलं तर "आहे ते पुरे" म्हणणारा माणूस. आणि मी मनात म्हणत होते, ह्या सात पावलांखाली एका बाईचं काम पडलं आहे.

रविवार, ३० मार्च

सांगून टाकलं. सकाळी दिवा लावायला गेले, काडी ओढली आणि हात पुढे जाईना. काडी बोटापर्यंत जळत आली. तशीच बाहेर येऊन म्हटलं, "ते वाक्य मी बदललं होतं."

हे दाढी करत होते. चेहऱ्यावर फेस. म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"म्हणत होतो तेव्हापासून. तो लेखक 'तो बघतो आहे' असलं सात जन्मांत लिहिणार नाही. पहिल्याच शब्दाला कळलं, हे आपल्या घरातलं वाक्य."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबून काय वाचू? हातात तेवढंच होतं."

मी म्हटलं, "आणि तिचं काम गेलं तेव्हा?"

वस्तरा गालावर होता. तो खाली ठेवला. "तेव्हा गप्प बसलो. तू बसलीस तसाच." मग फेस पुसत म्हणाले, "तू वाक्य बदललंस हे सांगायचं तर तू पानं लिहितेस हे सांगावं लागतं. ते सांगायचं तर का लिहितेस हे आलं. आणि ते कळलं की टेलिव्हिजन संपला. एक मे होऊ दे. एकदा होऊ दे. मग मी स्वतः जाऊन सांगतो."

मी बरं म्हटलं. खरं सांगते, हलकं वाटलं. आता पाप दोघांत वाटलं गेलं असं वाटलं. संध्याकाळपर्यंत कळलं की पाप वाटल्यानं अर्धं होत नाही. दोघांच्याही डोक्यावर पुरतंच राहतं.

बुधवार, ९ एप्रिल

बटणं आणि फितींच्या दुकानात सूनबाई नोकरीला लागली आहे असं काकांकडून कळलं होतं. आज गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. तिनं "काय देऊ, वहिनी?" विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "शर्टाची बटणं."

"पांढरी की काळी?"

"पांढरी."

तिनं सहा बटणं मोजून पुडीत बांधली. पुडी हातात आल्यावर मी खाली बघूनच म्हटलं, की पानं मी उतरवते, वाक्य मी बदललं, चूक तुमची नव्हती.

ती म्हणाली, "पानं तुम्ही उतरवता हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. मामंजींना समोरचं दिसत नाही, हेही. बोलायला सुरुवात करायची म्हणजे स्टुडिओत लाल दिवा लागतो. तो लागला की मी त्यांचं कोपर दाबते. सुरुवात कधी करायची ते त्यांना कसं कळत असेल, असं वाटत होतं तुम्हाला?"

मला काहीच वाटत नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता. पानं चांगल्या अक्षरात लिहून दिली की झालं, अशा तोऱ्यात होते.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"पान चुकलं असेल असं वाटलं. सापडेल म्हणून थांबले. ते म्हणतात, तो बघतो आहे, आणि मी म्हणू, कुणी नाही कसं? त्यांचं हसं झालं असतं सगळीकडे." मग फितीची गुंडाळी उगीचच सोडून परत गुंडाळायला लागली. "का बदललंत?"

"देवाचं भय वाटलं."

तिनं मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं की मला पुडी कुठे ठेवू कळेना.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"माफी घेऊन काय करू, वहिनी? फितीसारखी वारानं मोजून विकता येत नाही ती. मला माझं काम हवंय. साहेबांना सांगा."

"एक मे झाला की हे स्वतः..."

"हो का. मामंजींचा टेलिव्हिजन झाल्यावर." बोलणं एकदम गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं झालं. "मागे लोक थांबलेत, ताई."

वहिनीची ताई केली तिनं मला. ते शिवी दिल्यापेक्षा लागलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

दोन दिवस अन्नावर वासना नाही. ह्यांना उपास आहे म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "कुणासाठी?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी." हेही खोटंच.

देवापुढे बसते, पण काय मागू? मी देवाची बाजू घेतली, आता देव माझी घेईल, असा माझा आतल्या आत हिशोब होता. देवानं कधी मला वकीलपत्र दिलं होतं? त्याला नाही म्हणणारा एक म्हातारा त्याला जड झाला नसता. रोज किती खरे म्हातारे म्हणत असतील, मुलाला पोचवून आल्यावर. त्यांच्या घरचे दिवे तो विझवत नाही.

इकडे हे रोज सात पावलं चालतात. काल टेबलापाशी नेमके थांबले, मान वर केली, आणि चेहऱ्यावर असं काही आलं जे मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. रेडिओत चेहऱ्याचं काय काम! तो चेहरा मी एकटीनं बघितला.

अजून वीस दिवस. वीस दिवस गप्प बसायचं म्हणजे रोज नव्यानं तेच करायचं.

सोमवार, १४ एप्रिल

हे तालमीला गेल्यावर केंद्रावर गेले. ह्यांना सांगितलं नाही. साहेबांच्या खोलीत भिंतींना जाड कापड लावलं आहे, आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. उभ्यानंच सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मालिका कोण लिहितं?"

"लेखक."

"आणि तुम्ही?"

"मी उतरवते."

"मग उतरवायचं होतं." चष्मा पुसत विचारलं, "का केलंत?"

"देवाच्या भीतीनं."

"म्हाताऱ्याचा मुलगा गेला होता. एक दिवस देवावर चिडू द्यायचं होतं त्याला. एवढं देवाला चालतं." मग कागद सारखे करत म्हणाले, "आजोबांना किती दिसतं? खरं सांगा."

खरं सांगितलं. कडेचं दिसतं, मधलं नाही. साहेब खिडकीकडे वळले. "टेलिव्हिजनच्या लोकांना कळवणं मला भाग आहे. तिथं पायात तारा असतात, उंचावर दिवे, एक जिना आहे. पडला बिडला तर?"

"पावलं मोजून चालतात हो. एकदासुद्धा..."

"बाई!"

साहेबांनी हात वर केला.

"रेडिओवर राहील तो. त्याला कोण काढतो? पण पानं ह्यापुढे तुमच्या घरी यायची नाहीत. सूनबाईला बोलावून घेतो. ती वाचून दाखवेल, तो पाठ करेल. पानं तिच्या हातात." मी दारापाशी पोचले तेव्हा म्हणाले, "तुमचं अक्षर पाहिलंय मी. फार सुंदर आहे. मला वाटायचं, आजोबांची हौस."

जिना उतरून बाहेर आले. का केलंत, असं दोघांनी विचारलं, दोघांना मी एकच उत्तर दिलं. खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. सगळं काय आहे ते इथेही लिहवत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

ह्यांना तिथल्या तालमीतच सांगितलं म्हणे. टेबलापाशी उभे होते, एक माणूस आला, खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन गेला.

"मला विचारायचं होतंस," घरी येऊन म्हणाले.

"विचारलं असतं तर थांब म्हणाला असतात."

"म्हणालो असतो." खुर्ची चाचपून बसले. "सोळा दिवस राहिले होते गं."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा दिला, घेतला. पलंग अजून टेलिव्हिजनच्या टेबलाच्या जागी आहे. हलवू का, असं विचारायचा धीर झाला नाही. हेही त्याला वळसा घालून ये-जा करतात, पावलं न मोजता, आणि दोनदा गुडघा आपटला.

गुरुवार, १ मे

कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात टेलिव्हिजन लावला आहे. काचेबाहेर शंभरेक माणसं असतील. नको म्हटलं तरी हे निघाले. डोळ्यांच्या कडेनं दिसावं म्हणून काचेच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

म्हाताऱ्याचं काम दुसऱ्याच कुणी केलं. चिकटवलेली दाढी.

"कसा दिसतो?"

"दाढी एका बाजूनं सुटते आहे."

"दाढीचं नाही विचारत. काम?"

"ठीक आहे."

"खोटं बोलू नकोस. त्यात आपण दोघंही पुरे झालो."

मी म्हटलं, "चांगलं करतो आहे."

"हं." मग म्हणाले, "टेबलापाशी थांबला?"

"थांबला."

"वर बघितलं?"

"नाही. खाली फुलीकडे बघितलं."

तेव्हा जरा हसू आलं ह्यांच्या चेहऱ्यावर. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "छे, आपले आजोबा असते तर!" आजोबा हातभर अंतरावर भिंतीला टेकून उभे होते, त्या माणसानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. कसं पाहणार? चेहरा कुठे माहीत आहे कुणाला! आणि तो माहीत होऊ दिला नाही ती मीच. खरं सांगितलं ते चुकलं असं म्हणवत नाही. आधी खोटं लिहिलं नसतं तर आज खऱ्याची एवढी किंमत ह्यांना मोजावी लागली नसती.

बुधवार, ७ मे

केंद्रात खोली रिकामी नसते, म्हणून सूनबाई दुपारी पानं घेऊन आमच्याकडेच आली. मालिकेत ती माहेराहून परत आली आहे. "चालत आले असते तरी एवढे दिवस लागले नसते," दारातच म्हणाली. हे हसले. गेल्या तीन आठवड्यांतलं पहिलं मोकळं हसणं.

दोघं बाहेर बसली. ती वाचते, हे ऐकतात, मग म्हणतात. मी स्वयंपाकघरात. दुपारी ह्या वेळी शाईची दौत काढायची सवय, हाताला काम नाही. भांडी घासली, घासलेली परत घासली. बाहेरून हे म्हणाले, "भांडी जरा हळू. आवाजवाल्याचं पोट मारू नकोस."

मग ती पाणी प्यायला आत आली. मी पेला भरून दिला. तिचा हात पेल्याला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी वाक्य बदललं ते देवासाठी नाही. पुढचं तुमचं वाक्य होतं ना, मी आहे ना म्हणून. ते तुम्ही ह्यांना म्हणायला नको होतं मला."

ती अर्धा पेला प्यायली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही दुकानात देवाचं नाव काढलंत तेव्हापासून. म्हणून तर राग आला. माफी मागायला आलात आणि अर्धीच घेऊन आलात." पेला खाली ठेवला. "मी ते वाक्य मामंजींना म्हणतच नाही, वहिनी. माझे वडील असेच डोळ्यांनी अधू झाले होते. तेव्हा मी आहे ना, असं म्हणायला मी तिथं नव्हते."

 माझ्या मनातली घाण मी तिच्या दारात नेऊन टाकली होती, आणि ती मुकाट झाडत होती. मी पदरानं ओटा पुसत राहिले.

"आज तरी माफी पुरी आणलीत ना?"

"हो."

"मग बाहेर या. डॉक्टरचं काम वाचायला कुणी नाही."

गेले. डॉक्टरची तीनच वाक्यं होती. शेवटचं असं: "इथं आता देवही काही करू शकणार नाही." कागदावर होतं तसं वाचलं. आवाज कापला, मध्ये दोनदा थांबावं लागलं.

हे तिरके बघत म्हणाले, "डॉक्टरच एवढा घाबरला असेल तर रोग्याला कुणीतरी धीर द्या रे." आणि माझा पाय पलंगाला लागू नये म्हणून हात पुढे केला. पलंग अजून तिथंच आहे.